नव्या वहिनीजवळ बस

तेरेक-बुलाक,
८ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

पोचले एकदाची. आईसाठी मात्र मी बिश्केकच्या हॉस्टेलवरच आहे, हे विसरू नकोस. आईचा फोन म्हणजे स्पीकरवर, आणि स्पीकरवर म्हणजे अख्ख्या वस्तीवर. परदेशात शिकायला गेलेली पोरगी सुट्टीत मैत्रिणीबरोबर आणखी दूर डोंगरात गेली हे कळलं, तर ती जेवणार नाही. म्हणून हे मेल आपल्या दोघींतच. तू अंगणवाडीच्या मोबाईलवरच वाच.

काल सकाळी शेअर टॅक्सीनं निघालो. वाटेत डोलोन नावाचा घाट आहे. तुझ्या माहेरचा करंजी घाट त्यापुढे खेळण्यातला. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि ड्रायव्हर एका हातानं सूर्यफुलाच्या बिया सोलून खातोय! मी डोळे मिटून बसले. आयजादा मात्र सहा तास खिडकीतून एकटक बाहेर बघत होती. तीन वर्षांत तिला इतकी गप्प मी पाहिली नव्हती. घरी जाताना तिला भरून येत असेल.

गाव लहान आहे, सत्तरेक घरं असतील. खिडक्या निळ्या, छपरं पत्र्याची, आणि थंडी उणे बावीस. संडास अंगणापलीकडे, तिथं जायचं म्हणजे मोहीमच. घरात तिची आई, आजी आणि थोरला भाऊ उलान. वडील रशियात कामाला. इथं आईला 'आपा' म्हणतात. मी आधी ऐकलं तेव्हा वाटलं, घरात कुणी आप्पा आहेत. कोळशाची भट्टी दिवसभर पेटलेली असते, तिच्याभोवती सगळं घर. मी घोड्याचं मटण खात नाही म्हटल्यावर आपांनी माझ्यासाठी वेगळी अंडी केली. नाश्त्याला तळलेले कणकेचे गोळे, आपल्या शंकरपाळ्यांसारखे पण अळणी.

आज चार बायका भेटायला आल्या होत्या. आयजादानं सगळ्यांना चहा ओतून दिला. त्यातल्या एकीनं तिच्या कानात सोन्याचे डूल घातले, स्वतःच्या हातानं. आत्याची भेट म्हणे. किती प्रेमळ माणसं आहेत गं ही. नंतर आयजादानं ते काढून खिडकीत ठेवून दिले, जड होतात म्हणाली.

मेल पाठवायला गावच्या दवाखान्यात यावं लागतं, नेट फक्त तिथंच आहे. नर्सबाई, बुरुल-एजे, मला बसायला स्टूल देतात. 'एजे' म्हणजे ताई.

दिशाला पापा. दादाला काही सांगू नकोस.

तुझी,
सुकू


राहुरी, वस्तीवरून
१० जानेवारी २०२६

प्रिय सुकू,

चारचौघांत मी तुला ताई म्हणते, इथं सुकूच लिहिते, चालेल ना.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इकडे कालव्याच्या कडेचा ऊस तुटला आणि बिबट्याची मादी पिलांसकट उघड्यावर आली. दोन दिवस झाले अंगणवाडीचं दार आतून लावून पोरांना शिकवते. दिशाला शाळेत सोडायला-आणायला तुझे दादा जातात. तेव्हा भीतीनं डोकं आधीच जड आहे, म्हणून मी काहीबाही विचारत असेन तर हसू नकोस.

त्या चार बायका कोण होत्या? खरंच आत्याच का? सगळ्या एकाच घरच्या होत्या का? त्या चहा प्यायला आल्या होत्या की चहा कोण ओततंय ते बघायला?

घरात नवीन गाद्या-रजया शिवायला काढल्यात का?

आणि डूल काढून ठेवल्यावर तिची आई काय म्हणाली?

आईंना मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं, "सुकीचा फोन का लागंना?" मी म्हणाले, परीक्षा आहे. खोटं बोलताना माझा हात तव्यावर भाजला.

तू तिथं आहेस हे घरात मला एकटीलाच माहीत आहे. हे ओझं लहान नाही, सुकू. दोन दिवसांआड तरी लिही.

पुष्पा वहिनी


तेरेक-बुलाक,
१३ जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

तू सीआयडीत जायला हवी होतीस! गाद्या शिवताहेत हे तुला राहुरीत बसून कसं कळलं? खरंच, मागच्या खोलीत लाल-हिरव्या मखमलीच्या रजयांची चळत छताला लागायला आलीय. मी विचारलं तर उलान म्हणाला, थंडी आहे म्हणून. डुलांवरून मात्र आपा तिला बोलल्या. काय ते मला कळलं नाही, आवाज बारीक होता. आता ते परत तिच्या कानात आहेत.

इथं माझी चांगली सरबराई चाललीय. आजीला हिंदी सिनेमांची गाणी आवडतात, शब्द न कळता गुणगुणते. माझा पासपोर्ट आणि आयजादाचं ओळखपत्र आपांनी लाकडी पेटीत कुलपात ठेवलंय, हरवू नये म्हणून. बर्फात पडलं तर एप्रिलपर्यंत सापडायचं नाही, हेही खरं.

एक गंमत सांगते. आपांनी उलानकरवी मला एक काम दिलंय. आयजादाची तब्येत नाजूक आहे, ती एकटी थंडीत बाहेर जाऊ नये, तू तिच्याजवळ बस, ती निघाली की आम्हाला सांग. मी म्हटलं, मी तर निम्मी डॉक्टर. काल दुपारी मी भट्टीजवळ पेंगत होते. जाग आली तर आयजादा नाही. खिडकीतून बघितलं, तर ती मोठ्या रस्त्याकडे चालली होती, टोपीसुद्धा न घालता. मी लगेच उलानला सांगितलं. त्यानं जाऊन तिला दंडाला धरून आणलं. ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आपांनी मात्र मला स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. किती ऊबदार आहेत म्हणून सांगू!

आयजादा रुसलीय, पण उतरेल राग. निमोनिया झाला असता तर?

उद्या संक्रांत. माझ्या वाटचा तिळगूळ दिशाला दे.

सुकू


राहुरी
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

सुकू,

बायका हळदीकुंकवाला यायच्यात, त्याआधी हे लिहून पाठवायचं आहे. तू दवाखान्यात बसून वाच, घरी उघडू नकोस.

आयजादाचं लग्न ठरवलंय. तिला न विचारता. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांचा देश मी नकाशात शोधला तेव्हा सापडला. पण मी हे घर ओळखते. मी त्या घरात राहून आलेय.

तुला आमचं लग्न आठवतं ते करवली म्हणून. जरीचं परकर-पोलकं, हातात कलश, आठ वर्षांची तू. आता मी सांगते ते ऐक.

त्या साली तिसगावला प्यायलाही पाणी नव्हतं, टँकर आठ दिवसांनी यायचा. मी दहावीला होते. नाताळच्या सुट्टीत आई म्हणाली, चल राहुरीला मावशीकडं, चार दिवस पोटभर अंघोळ तरी करशील. मी दप्तर बरोबर घेतलं होतं. मावशीकडं आल्यावर पहिल्याच दिवशी चार बायका आल्या. मला चहा करायला लावला. एकीनं मला जवळ बसवून हातात बांगड्या भरल्या. त्या तुझ्या आई. मागच्या खोलीत नवीन गाद्या भरत होते. मी विचारलं तर मावशी म्हणाली, थंडी आहे म्हणून.

सहाव्या दिवशी हळद लागली. मी सोळा वर्षांची होते. ते तेव्हाही कायद्यात बसत नव्हतं, पण मांडवात कायदा कोण विचारतं?

तुझ्या आईंनी तुला सांगितलं होतं, "नव्या वहिनीजवळ बस. ती कुटं निघाली की मला येऊन सांग." तू माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस. मी तुला म्हणाले, मी परसाकडं जाऊन येते. मी मागच्या दारानं निघाले, कालव्याच्या कडेनं, एसटीच्या रस्त्याकडं. पायात चप्पल नव्हती. अर्ध्या वाटेत माझ्या मामानं मला दंडाला धरून परत आणलं. तू पळत जाऊन सांगितलं होतंस. तुला त्याबद्दल दोन बुंदीचे लाडू मिळाले. त्यातला एक तू मला आणून दिलास. "वहिनी, खा ना," म्हणालीस.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. तेरा वर्षं नाही सांगितलं. पण काल तुझं पत्र वाचलं. मोजे दिलेत ना तुला.

तिला विचार, सुकू. तू काही ठरवू नकोस, शूरपणा करू नकोस, तिच्या आईशी भांडू नकोस. फक्त तिला एकटीला गाठून विचार, तुला काय पाहिजे. माझ्या मांडवात दोनशे माणसं होती. त्यातल्या एकानंही हे विचारलं नाही.

पुष्पा


तेरेक-बुलाक,
१७ जानेवारी २०२६

वहिनी,

तुला काय म्हणून हाक मारू तेच कळत नाही. तुझं पत्र वाचून मी स्टुलावर बसूनच राहिले. लाडू मला आठवतो. तू तो हातात धरून बसली होतीस, खाल्ला नव्हतास. मला वाटलं होतं, तुला बुंदी आवडत नाही.

त्याबद्दल नंतर लिहीन. आता लिहायचा धीर नाही आणि वेळही नाही.

तुझं सगळं खरं निघालं. गुरुवारी आयजादाबरोबर नळावर पाणी आणायला गेले, तेव्हा विचारलं. ती आधी हसली. मग बादली खाली ठेवली आणि रस्त्यातच बसली. डूल घातले म्हणजे शब्द पक्का झाला, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. थोरल्या चुलत्यानं ठरवलं, आपांनी मान हलवली, वडिलांनी रशियातून फोनवर बरं म्हटलं. मुलगा शेजारच्या गावचा. तो आणि त्याचे मित्र गाडी घेऊन येतील, तिला उचलून नेतील, डोक्यावर पांढरा रुमाल बांधतील. एकदा रुमाल बांधला की परत आलेल्या मुलीकडे गाव बघत नाही. इथंही हा गुन्हाच आहे, वहिनी, तुरुंग आहे त्याला. पण घरच्यांनीच दार उघडलं, तर तक्रार कुणी करायची?

आणि ऐक. तिला याची कुणकुण आधीपासून होती. म्हणून तिनं मला आणलं. परक्या देशाच्या मुलीसमोर तरी काही करणार नाहीत असं तिला वाटलं. मी पाहुणी नव्हतेच, आडोसा होते. आणि आडोशालाच त्यांनी राखणीला बसवलं. तिनं हे सांगितल्यावर मला राग आला, मग राग आल्याची लाज वाटली. मी विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "मला जूनमधली परीक्षा द्यायचीय."

दिवस ठरलाय शनिवार, २४ तारीख. चुलत्यानं मेंढ्या आणून बांधल्यात.

परवा तुझं पत्र वाचताना बुरुल-एजेंनी मला रडताना बघितलं. काय झालं म्हणून हातानंच विचारलं. मी मोबाईलवर तुझं पत्र त्यांच्या भाषेत करून दाखवलं. मोडकंतोडकं झालं असेल. त्यांनी चष्मा काढून पूर्ण वाचलं. मग दार लावून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर येत्या गुरुवारवर बोट ठेवलं. गुरुवारी दवाखान्याची जीप पेशंट घेऊन नारीन शहरात जाते.

म्हणजे पेशंट मी. उजवीकडे पोटात दुखणार, अपेंडिक्स. कुठं दाबल्यावर कळ येते आणि हात सोडल्यावर ती कशी वाढते, हे परीक्षेत लिहिलंय, आता करून दाखवायचंय. दुभाषी म्हणून आयजादा बरोबर. आपा नाही म्हणाल्या तर? उलान आला तर? बर्फानं रस्ता बंद झाला तर? वहिनी, मला फार भीती वाटते. रात्रंदिवस अंगणात गाडीचा आवाज झाल्यासारखा वाटतो. काल कुत्रं भुंकलं तर आयजादानं माझं मनगट इतकं धरलं की वळ उठलाय.

तुझी,
सुकू


राहुरी
१८ जानेवारी २०२६

सुकू,

चार गोष्टी सांगते, मी तेव्हा चुकले त्यावरून.

बुधवारपर्यंत नेहमीसारखी हस. मी आदल्या दिवसापासून रडले, म्हणून माझ्यावर नजर होती. पायात जोडे घालूनच निघा दोघी. पासपोर्टशिवाय दवाखान्यात परदेशी माणसाला घेत नाहीत, असं नर्सबाईंना तिच्या आईसमोर बोलायला सांग, म्हणजे पेटी उघडेल. आणि मागं वळून बघू नका. मी कालव्यावर मागं बघायला थांबले, तिथंच मामानं गाठलं.

त्या बुरुलताईंना माझा नमस्कार सांग. माझी कर्मकथा परक्या देशात कुणी चष्मा काढून वाचेल, असं वाटलं नव्हतं.

इकडं मला घास जात नाही. आई विचारतात, "बिबट्याचं भ्या घेतलं का काय?" मी व्हय म्हणते.

पोचल्याबरोबर एक शब्द लिही. 'पोचलो' एवढाच.

पुष्पा


राहुरी
२३ जानेवारी २०२६, सकाळ

सुकू,

काल दिवसभर मोबाईल हातात होता. तुझा शब्द नाही. जीप गेली का? फोन बंद लागतोय. आयजादाच्या नंबरावरही लावून बघितला, कुणीतरी उचलला, पुरुषाचा आवाज होता. मी ठेवून दिला. चुकलं का माझं?

पुष्पा


राहुरी
२३ जानेवारी २०२६, संध्याकाळ

तुझ्या दादांना सांगू का? सांगितलं तर आईंना कळेल. नाही सांगितलं आणि काही झालं तर मी या घरात तोंड कसं दाखवू? मीच तुला सांगितलं तिला विचार म्हणून. तुला काही झालं तर ते माझ्या बोलण्यानं झालं. मुकाट्यानं परत ये म्हणाले असते, तर तू आज हॉस्टेलवर असतीस. देवा, मी तिथं तुला का ढकललं?


राहुरी
२४ जानेवारी २०२६

आज शनिवार. लिही गं बाई.


बिश्केक,
२५ जानेवारी २०२६

वहिनी,

पोचलो. दोघी.

पहाटे तुला 'सुखरूप' एवढं पाठवलं, ते मिळालं असेल. फोन बंद ठेवायला बुरुल-एजेंनीच सांगितलं होतं. तो पुरुषाचा आवाज उलानचा होता. आयजादाचा मोबाईल त्यानं बुधवारीच काढून घेतला होता. आता सगळं सांगते.

गुरुवारी सकाळी चहा पिता-पिता मी पोट धरून आडवी झाले. नाटक करायचं होतं, पण वहिनी, भीतीनं मला खरंच उलटी झाली. बुरुल-एजे आल्या. त्यांनी पोट दाबलं, हात सोडला, मी ओरडले. ऑपरेशन लागेल, आज जीप जाते, बरोबर बाईमाणूस पाहिजे, त्या म्हणाल्या. आपा म्हणाल्या, उलान जाईल. बुरुल-एजे म्हणाल्या, बायकांच्या वॉर्डात उलान काय करणार? आपा म्हणाल्या, मी जाते. तेव्हा मी आयजादाचा हात धरून मराठीत रडायला लागले, "आई गं, मला हिच्याशिवाय नको!" ते खरं रडणं होतं. आपांनी पेटी उघडली. माझा पासपोर्ट काढून दिला. आयजादाचं ओळखपत्र तिथंच खाली दिसत होतं. त्यांनी झाकण लावलं. मागता येईना.

दारात आलो तर उंबऱ्यावर आजी बसलेली. मला आधी कळेना, सगळे का थांबले. म्हाताऱ्या बाईला ओलांडून जाणं म्हणजे इथं शाप, सात जन्म पुरेल असा. आयजादाचा हात माझ्या हातात बर्फासारखा गार पडला. आजी तिच्याकडे बघत राहिली. भट्टीत कोळसा फुटल्याचा आवाज आला तेवढाच. मग आजीनं चौकट धरली, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठली आणि बाजूला झाली. आम्ही गेलो, बुरुल-एजेही जीपमध्ये बरोबर. मी मागं बघितलं नाही, वहिनी.

गावाबाहेर पुलाच्या अलीकडे रस्ता एकाच गाडीचा आहे. समोरून पांढरी गाडी आली. आयजादा माझ्या स्ट्रेचरखाली सरकायला लागली, पण तिथं जागाच नव्हती. गाडीतून एक मुलगा उतरला, बाविशीचा असेल, कान थंडीनं लाल. तो खिडकीशी आला, काचेवरचं बर्फ हातानं पुसलं आणि आत बघितलं. माझ्याकडे, मग तिच्याकडे. तिच्या कानातल्या डुलांकडे. तो ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला, परत गाडीत बसला आणि गाडी पार वळणापर्यंत मागे घेऊन आम्हाला वाट दिली.

तो तोच होता. ज्याच्याशी ठरलं होतं तो. दोन दिवसांनी मित्रांना घेऊन येणार होता तो. मी आयजादाला विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, "पुढं रस्ता निसरडा आहे, हळू जा." त्याला कळलं होतं की नव्हतं, ते आम्हाला अजून ठरवता येत नाही.

नारीनला पोचलो आणि घाट बर्फानं बंद झाला. दोन दिवस बुरुल-एजेंच्या बहिणीकडे पडदे लावून बसलो. फोन चालू करायची सोय नव्हती, उलान सारखा लावत असणार. काल दुपारी घाट उघडला.

आता आयजादा माझ्या खोलीत आहे. बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवलंय, ओळखपत्र नवीन काढावं लागेल. चुलत्यानं निरोप धाडलाय की ती त्यांना मेली. आपांचा काहीच निरोप नाही, आणि ती त्याचीच वाट बघतेय. डूल तिनं बुरुल-एजेंबरोबर परत पाठवले. हॉस्टेलखाली गाडी थांबली की अजून दोघी उठून दिव्याचं बटण बंद करतो.

वहिनी, आता तुझ्याबद्दल. माफ कर, असं लिहिलं तर ते फार स्वस्त होईल. मी लहान होते हे खरं, पण आता नाही. घरी सगळे बसलेले असताना मी फोन करणार आहे. स्पीकरवर. तू नको म्हणालीस तर नाही करणार. तुला विचारतेय.

सुकू


राहुरी
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुकू,

'कर' एवढं मी तुला लिहिलं आणि लगेच मोबाईल डब्यात टाकून झाकण लावलं, परत फिरवायला नको म्हणून.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तू आधी सगळी हकीकत सांगितलीस, तू कुठं गेली होतीस त्यासकट. आई घास हातात धरून ऐकत होत्या. मग तू विचारलंस, "आई, वहिनीला लग्नाच्या वेळी कुणी विचारलं होतं का?" दिशा माझ्याकडं बघायला लागली. नंतर फोन कट झाला की तू ठेवलास, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आई ताटावरून उठल्या. तुझे दादा म्हणाले, "मला तर सांगितलं हुतं, पोरगी व्हय म्हनली." तेरा वर्षांत हे आमचं पहिलं बोलणं त्या गोष्टीवर. मी म्हणाले, मला कुणी विचारलंच नव्हतं तर मी व्हय कशी म्हणणार? ते हात धुऊन मोटारीकडं गेले, वीज नव्हती तरी.

दोन दिवस घर असं होतं की भांडं ठेवतानाही मी जपून ठेवायचे. मला वाटलं, आता मला माहेरी धाडतात. खरं सांगते, बिबट्याच्या मादीपेक्षा मी त्या शांततेला भ्याले. पिशवी भरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी आई अंगणवाडीत आल्या. कधी येत नाहीत. पोरं खिचडी खात होती, त्यांच्या ओळीत येऊन बसल्या. मी त्यांनाही वाढलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "तुझी परीक्षा किती दिसांवर हुती तवा?"

मी म्हणाले, दोन महिने.

"तू मांडवात लई रडत हुतीस. मला वाटलं, पोरगी लाजती." मग एका पोराचं सांडलेलं त्यांनी पदरानं पुसलं. "न्हाई. वाटलं न्हवतं. तसं वाटून घ्येतलं हुतं मी."

सुकू, तू माफीचं लिहिलंस. मी तुला कधीच दोष दिला नाही असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं आहे. दिला. दोन वर्षं तुझी वेणी घालताना माझ्या मनात यायचं, हिनं सांगितलं नसतं तर. एकदा मुद्दाम केस ओढलेही, तू ओरडलीस. मग तू मोठी झालीस, दहावीचं माझं पुस्तक तूच मला लायब्ररीतून आणून दिलंस, आणि ते मनातून कधी गेलं ते कळलंही नाही. आता हे दोघींना माहीत झालं, बरं झालं.

आयजादाला सांग, आईच्या निरोपाची वाट बघायची असेल तर बघ, पण दार उघडताना आधी कोण आहे ते विचार. तिची भीती लवकर जाणार नाही. माझी अजून दंडात आहे, कुणी मागून धरलं की मी दचकते.

जाताना आईंनी विचारलं, "आता काय करायचं मनात हाय तुझ्या?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, "सांग. घाई न्हाई." आणि हातात ताटली तशीच धरून दाराकडं गेल्या.

तेव्हापासून मी विचार करतेय.

तुझी,
पुष्पा